बी विंगखालची रिंग आणि करीमचा हुक

अमोल (बी-४०२): [फोटो] आज सकाळी सहा वाजता, बी विंगखालच्या बास्केटबॉलच्या रिंगजवळ. ओळखा कोण. हिंट : नी-कॅप.

स्नेहा (ए-१०४): दाते काका! 😂 पण रिंगकडे पाठ करून का उभे आहेत?

दाते काका (सी-२०१): पाठ नाही, डावा खांदा आहे तो. बॉल उजव्या हातात. याला स्कायहुक म्हणतात. सात टाकले, दोन गेले. वय ५९, नीट छापा.

ईशान (बी-४०२): काका, हा शॉट आता गेममध्येपण कोणी वापरत नाही

दाते काका: गेममध्ये कशाला, खऱ्या कोर्टवरही आता क्वचितच दिसतो. एकच माणूस तो २० वर्षं रोज टाकायचा. करीम अब्दुल-जब्बार. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, ३८,३८७ पॉइंट. सगळ्यांत जास्त पॉइंटचा रेकॉर्ड.

ईशान: तो रेकॉर्ड लेब्रॉन जेम्सने मोडला ना

दाते काका: मोडला, ७ फेब्रुवारी २०२३ ला. त्याआधी जवळजवळ ३९ वर्षं तो करीमच्या नावावर होता. लेब्रॉनने मोडला त्या रात्री करीम समोरच बसला होता. उठला आणि त्याने बॉल लेब्रॉनच्या हातात दिला. तू तेवढं रील पाहिलं असशील.

ईशान: हो, रीलच पाहिलंय 😬

राजेश (डी-३०३): एक मिनिट थांबा. हा तोच का, ब्रूस लीच्या पिक्चरमधला लंबू? ब्रूस लीचा पिवळा सूट आणि छातीवर हा एवढा पायाचा ठसा?

दाते काका: तोच! 'गेम ऑफ डेथ'. त्या मारामारीचं शूटिंग १९७२ चं, पिक्चर आला १९७८ ला. मधल्या काळात ब्रूस ली गेला. करीम लॉस एंजेलिसला कॉलेजात असल्यापासून त्याच्याकडे शिकत होता.

राजेश: दोन रुपये देऊन व्हिडिओ पार्लरमध्ये पाहिलाय, तोही उभ्याने. इतकी वर्षं मी समजत होतो की कुठून तरी उंच माणूस पकडून आणलाय.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना सूचना. आज टँकर ११ वाजता येईल. कृपया गेटसमोर गाड्या लावू नयेत. ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय टाकावेत.

अमोल: रिंग सोसायटीचीच आहे साहेब.

नलिनी आजी (ए-००२): मी बोलून टाइप करते आहे चुका झाल्या तर समजून घ्या. आम्ही अमेरिकेत मिलवॉकीला होतो तेव्हा तिथल्या टीममधल्या या मुलाचं नाव लू अल्सिंडर होतं.

दाते काका: काकू!! तुम्ही मिलवॉकीला? आणि हे तुम्ही आज सांगताय?

नलिनी आजी: कोणी विचारलं नाही. ह्यांचं एमएस चालू होतं १९७० ते ७२. आमच्या खालच्या मजल्यावर एक पोलिश बाई राहायच्या. त्यांच्या ओट्यावर रेडिओ असायचा, मॅच असली की घरभर ऐकू यायचा. मी वर पोळ्या लाटायचे आणि खालून आवाज यायचा अल्सिंडर अल्सिंडर. पहिला महिनाभर मला वाटायचं की ही औषधाची जाहिरात आहे.

स्नेहा: आजी 😂😂

नलिनी आजी: मग बाईंनीच समजावलं. बाहेर बर्फ, गाडी नाही, ह्यांची लायब्ररी रात्री अकरापर्यंत. मी खाली जाऊन बसायचे. त्या मला कोबी भरलेलं काहीतरी खायला द्यायच्या आणि मी त्यांना शिरा. खेळातलं मला काही कळत नव्हतं पण स्कोअर कळायचा. ७१ च्या एप्रिलअखेरीस मिलवॉकीची टीम जिंकली.

दाते काका: ३० एप्रिल १९७१. फायनलमध्ये बाल्टिमोरला चार-शून्य! टीम सुरू होऊन तिसरंच वर्ष. मोठा खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन त्याच मोसमात टीममध्ये आलेला.

नलिनी आजी: हो ऑस्कर. बाईंचा लाडका ऑस्कर होता. आणि जिंकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून या मुलाने नाव बदललं. मुसलमान तो आधीच झाला होता. बाई काही ऐकेनात, महिनोन् महिने अल्सिंडरच म्हणायच्या. मी त्यांना सांगितलं, बाई माझंही लग्नात नाव बदललंय. जुन्या नावाने कोणी हाक मारली तर बरं वाटतं पण ओ मी नव्यालाच देते. आणि मला तर कोणी विचारलंही नव्हतं, त्याने स्वतः निवडलंय. त्यानंतर त्या करीम म्हणायला लागल्या. क-रीम. क्रीम म्हणतात तसं.

वैशाली (सी-५०१): आजी, लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?

नलिनी आजी: ते खाली आलीस की सांगेन.

दाते काका: मिलवॉकीला तो मिळाला तोही नशिबाने. १९६९ ला फिनिक्स आणि मिलवॉकी, दोन्ही टीम तळाला. पहिला खेळाडू कोण निवडणार यासाठी नाणं उडवलं. काय मागायचं हे फिनिक्सने आपल्या प्रेक्षकांना विचारून ठरवलं होतं. छापा मागितला, काटा पडला.

राजेश: आपलं स्टिल्टचं पार्किंगपण असंच ठरलं होतं.

सेक्रेटरी: पार्किंगचा ठराव बहुमताने मंजूर झालेला आहे.

ईशान: काका, एक डाउट. तो सात फूट दोन होता ना? मग सरळ डंक मारायचा, उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबायचा. हुक कशाला?

दाते काका: शाब्बास, हा खरा प्रश्न. कारण डंक बंद होता! १९६७ ला अमेरिकन कॉलेजांनी डंकवर बंदी घातली, ती १९७६ पर्यंत. लोक त्याला अल्सिंडर रूलच म्हणायचे. त्याच्या आधीचं ऐक. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेजच्या मुख्य टीममध्ये घेत नसत. तर करीमच्या कॉलेजच्या, यूसीएलएच्या, फर्स्ट इयरच्या पोरांनी स्वतःच्याच कॉलेजच्या मुख्य टीमला ७५-६० असं हरवलं. ती मुख्य टीम लागोपाठ दोन वर्षांची चॅम्पियन. त्यात याचे ३१.

दाते काका: हुक त्याला शाळेपासून येत होताच. डंक बंद झाल्यावर तो त्याने इतका घोटला की पुढे एनबीएमध्ये डंक मोकळा असूनही हुकच त्याचं मुख्य शस्त्र राहिलं.

ईशान: पण ब्लॉक होत नाही का? बॉल तर हळू जातो

दाते काका: आता नीट वाच. तू माझ्यासमोर डिफेंडर. मी तुझ्याकडे तोंड करतच नाही, आडवा उभा. माझा डावा खांदा तुझ्या छातीशी, डावा हात कोपरात वाकवून मध्ये. अमोलला फोटोत दिसतंय ते हेच, मी हवेत कोणाला ढकलत नाहीये. बॉल माझ्या पलीकडच्या हातात. उजवा हात सरळ ठेवून मांडीपासून डोक्यावर गोल आणायचा, डाव्या पायावर उडायचं आणि अगदी वर पोचल्यावर फक्त मनगट मोडायचं. बॉलपर्यंत पोचायला तुला माझा सगळा देह ओलांडावा लागेल. म्हणजे फाउल.

दाते काका: ५ एप्रिल १९८४, लास व्हेगास. आधीचा रेकॉर्ड विल्ट चेंबरलेनचा, ३१,४१९ पॉइंटचा, तो मोडायचा होता. समोर मार्क ईटन, सात फूट चार इंच, करीमहून दोन इंच उंच. त्याच्या डोक्यावरूनच हुक गेला.

अमोल: काका, हे सगळं तुम्ही पाहिलं कुठे? ८४ ला आपल्याकडे दूरदर्शनवर कृषिदर्शन होतं.

दाते काका: टेपवर! माझा मावसभाऊ लॉस एंजेलिसला. त्याने १९८५ च्या फायनलच्या दोन मॅच टीव्हीवरून रेकॉर्ड करून ओळखीच्या माणसाबरोबर पाठवल्या. मी कॉलेजात. सगळी टीम आमच्या दोन खोल्यांत. भाड्याने व्हीसीआर आणला, टेप लावली आणि चित्र काळं-पांढरं. वर ते घसरायला लागलं. टीव्हीची सिस्टिम अमेरिकेची एनटीएससी, आपली पाल. खालचा अर्धा भाग पडद्याच्या वरच्या बाजूला जायचा. म्हणजे वर करीमचे पाय, मध्ये काळी पट्टी आणि खाली करीमचं डोकं आणि हात. असा शिकलोय मी स्कायहुक. माझ्या सातातले पाच का चुकले ते आता कळलं असेल.

राजेश: 😂😂😂

दाते काका: शेवटी वाड्यातले एक जण दुबईहून मल्टिसिस्टिम घेऊन आले तेव्हा पहिल्यांदा सरळ माणूस दिसला. आणि गॉगल! काळ्या-पांढऱ्यात मला ती मधली पट्टीच वाटली होती.

स्नेहा: गॉगल का घालायचा?

दाते काका: डोळ्यांत सारखी बोटं जायची. १९६८ ला कॉलेजची एक मॅच ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोमला होती, ५२ हजारांवर प्रेक्षक, आणि हा ओरखडा आलेला डोळा घेऊन खेळला. दोन पॉइंटने हरले. पुढे १९७४ ला परत डोळ्याला लागलं, तेव्हा रागाने बास्केटच्या खांबावर ठोसा मारून हात मोडून घेतला. मग गॉगल आला.

अमोल: पण खरं सांगा काका, मायकेल जॉर्डनपुढे?

दाते काका: सकाळी सकाळी नको. चॅम्पियनशिप दोघांच्या सहा-सहा. एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, करीम सहा वेळा, जॉर्डन पाच वेळा. पुढचं तू बोल.

अमोल: मी ९० चं पोरगं. माझ्या भिंतीवर जॉर्डनच होता.

दाते काका: तेच तर म्हणतोय. करीमचं पोस्टर कोणी लावलं? आमच्या टीममध्येही सगळ्यांना करीमचाच टीममेट मॅजिक जॉन्सन व्हायचं होतं. मॅजिक हसायचा, मिठ्या मारायचा. करीम कोपऱ्यात पुस्तक वाचत बसणार, पत्रकारांना तुटक उत्तरं देणार. घुम्या वाटायचा. मलाही वाटायचा. ८५ च्या फायनलने माझं मत बदललं.

ईशान: काय झालं ८५ ला

दाते काका: बॉस्टनने पहिल्या मॅचला लेकर्सना, म्हणजे करीमच्या तेव्हाच्या लॉस एंजेलिसच्या टीमला, १४८-११४ असं धुतलं. करीम ३८ वर्षांचा, १२ पॉइंट आणि फक्त तीन रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल. म्हातारा झाला, संपला, अशीच सगळीकडे चर्चा. दुसऱ्या मॅचला टीमच्या बसमध्ये बाहेरच्या माणसाला बसू द्यायचं नाही हा कोच पॅट रायलीचा नियम. करीमने वडिलांना बरोबर घ्यायची परवानगी मागितली. रायलीने दिली. बाप-लेक शेजारी बसून बॉस्टन गार्डनला गेले. त्या मॅचला ३० पॉइंट, १७ रिबाउंड, ८ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला बास्केट करून देणारे पास. मॅच जिंकली आणि पुढे सहाव्या मॅचला तिथेच फायनलही. त्याआधी लेकर्स फायनलमध्ये बॉस्टनकडून आठ वेळा हरले होते, आठ. फायनलचा एमव्हीपी करीम. तोच मान आधी मिळाला होता १९७१ ला, काकूंच्या रेडिओवर.

नलिनी आजी: १४ वर्षं झाली की मध्ये.

दाते काका: आणि मॅच माझ्याकडे टेपवर असूनही बसमधला तो प्रसंग मला नंतर वाचून कळला. टेपवर नुसता हुक मागून हुक. तेव्हा कंटाळवाणं वाटायचं ते. आज डोकं लावतो, रोज तेच तेच इतकं बिनचूक करायला काय लागत असेल? पोरांना आता तीन पॉइंटचा शॉट हवा. करीमने आयुष्यात तो १८ वेळा टाकला, एकदा गेला.

ईशान: एकदाच?? 💀

नलिनी आजी: त्याचं घर जळलं होतं ना? मिलवॉकीच्या त्या बाईंनी ८३ ला पत्रात लिहिलं होतं. त्याच्या गाण्याच्या तबकड्या गेल्या सगळ्या.

दाते काका: हो काकू, १९८३ च्या जानेवारीत. जॅझच्या हजारो रेकॉर्ड होत्या. मग लोकांनी आपापल्या घरातल्या आणून दिल्या त्याला.

नलिनी आजी: बाईंनीही एक पाठवली होती. त्यांना जॅझ आवडायचं नाही, पोल्काची पाठवली.

वैशाली: आजी, आज संध्याकाळी मी येतेय तुमच्याकडे.

सेक्रेटरी: टँकर आला आहे. एमएच-१४ ची पांढरी गाडी कोणाची, त्वरित काढावी. दातेसाहेब, रिंगला जाळी नाही, बोर्डाचा एक बोल्ट सैल आहे. दुरुस्ती होईपर्यंत लटकू नये.

दाते काका: या वयात कोण लटकतंय? आम्ही हुक मारतो.

ईशान: काका, उद्या सहाला मी येऊ? तो डावा हात कसा ठेवायचा ते दाखवा

दाते काका: ये. बॉल तुझा आण, माझ्यात हवा राहत नाही.

ईशान: माझ्यातपण कमी आहे. पंप कोणाकडे आहे?

राजेश: माझ्याकडे आहे, सायकलचा. पण बॉलची सुई नाही.

नलिनी आजी: सुई माझ्याकडे आहे. नातवाची राहिली आहे शिवणाच्या डब्यात. सहाच्या आधी बेल वाजवू नका.