धाडस वेगळं, छळ वेगळा

गोल्फ कोर्सची (मैदानाची) धाडसी रचना केली की सामान्य खेळाडू पाठ फिरवतात, असं म्हटलं जातं. हे मत मला अर्धंच पटतं. ते कंटाळतात चेंडू हरवण्याला, धाडसाला नाही. गोल्फ कोर्सचे रचनाकार डेव्हिड मॅक्ले किड यांचंच बघा. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा त्यांचा कॅसल कोर्स २००८ मध्ये सुरू झाला. तिथले उंचवटे आणि ग्रीनचे (खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीचे) चढउतार इतके तीव्र होते की खूप टीका झाली आणि पुढे ते सौम्य करावे लागले. त्यांनीच २०१४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात गॅम्बल सँड्स हा कोर्स उभारला. फेअरवे (ग्रीनपर्यंत नेणारा कापलेल्या गवताचा पट्टा) ऐसपैस, चुकलेल्या फटक्यालाही परतीची वाट. तो लोकांना मनापासून आवडला.

फ्लोरिडातल्या सॉग्रास कोर्सचं १७ वं होल (पाण्याने वेढलेल्या, बेटासारख्या ग्रीनची कल्पना रचनाकार ॲलिस डाय यांची, हे आवर्जून सांगायला हवं) तसं निर्दयच. पण अंतर जेमतेम १३७ यार्ड, म्हणून प्रत्येकाला एकदा तरी प्रयत्न करावासा वाटतो. लांब पल्ल्याच्या होलवर पाण्यावरून मारायची हीच सक्ती केली तर नवखा खेळाडू पुन्हा फिरकणार नाही.

रचनेवरून कोर्सच्या मालकाशी भांडायचंच तर मी ग्रीनच्या वळणांसाठी भांडेन. फेअरवेची रुंदी आणि पुढचे टी (पहिला फटका मारायच्या, ग्रीनच्या जवळच्या जागा) आनंदाने देईन.