शब्दचर्चा: आनुवंशिक, जनुकीय, कौटुंबिक आणि 'पोटाचा कॅन्सर'

प्रश्न:
जठराच्या कर्करोगावर रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिते आहे. 'आनुवंशिक', 'जनुकीय', 'जन्मजात', 'घराण्यात चालत आलेला' हे शब्द मी आलटूनपालटून वापरले. मसुदा वाचून दाखवल्यावर एका मावशींनी घाबरून विचारलं, "म्हणजे माझ्या मुलांना होणारच ना?" कुठला शब्द कुठे योग्य? आणि अनुवांशिक की आनुवंशिक?

प्रतिसाद १:
'अनुवंश'ला इक प्रत्यय लागतो आणि आद्यस्वराची वृद्धी होते, म्हणून आनुवंशिक. 'व'ला काना नाही. जनुक नपुंसकलिंगी: ते जनुक, ती जनुकं.

प्रतिसाद २:
मावशींची भीती शब्दांच्या सरमिसळीतून आली आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कर्करोग कुठलाही असो, तो जनुकीयच असतो. जनुकांत बदल झाल्याशिवाय पेशी बेबंद वाढत नाही. पण हे बदल बहुतेकदा आयुष्यात पुढे कधीतरी, त्या एका अवयवातल्या पेशींत होतात आणि तिथेच राहतात. मुलांकडे जात नाहीत. आईच्या किंवा वडिलांच्या बीजातून आलेला, म्हणून शरीराच्या प्रत्येक पेशीत असलेला बदल तेवढा आनुवंशिक. जठराच्या कर्करोगात असे रुग्ण साधारण १ ते ३ टक्केच. 'कौटुंबिक' हे तिसरंच. एका घरात दोघातिघांना हा रोग झाला तर कारण जनुक असेल, किंवा लहानपणी घरातल्या घरात पसरलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही असेल. 'जन्मजात' मात्र काढूनच टाका. बदल जन्मापासून असतो, रोग नसतो.

खऱ्या अर्थाने आनुवंशिक म्हणावं असं उदाहरण न्यूझीलंडच्या मूलनिवासी माओरी समाजातल्या एका कुटुंबाचं आहे. तिथे ३० वर्षांत २५हून अधिक माणसं जठराच्या कर्करोगाने गेली, त्यांतलं सर्वांत लहान १४ वर्षांचं होतं. कुटुंबाने स्वतः पुढाकार घेतला, ओटागो विद्यापीठातल्या पॅरी गिलफर्ड यांच्या गटासोबत वंशावळ मांडली, रक्ताचे नमुने दिले, आणि १९९८ साली सीडीएच१ या जनुकातला बदल सापडला. या जनुकापासून ई-कॅडहेरिन हे प्रथिन बनतं. विटांमधल्या चुन्यासारखं ते पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. अशा माणसांत त्यांतली एक आधीच निकामी असते. एखाद्या पेशीतली दुसरीही गेली की ती पेशी सुटते आणि अस्तराखाली एकेकटी पसरते. गाठ बनत नाही, म्हणून दुर्बिणीतून जठर निरोगी दिसतं. निदान उशिरा होतं आणि मग हाती फार काही उरत नाही. म्हणून असा बदल असलेल्यांना अनेकदा तरुणपणीच संपूर्ण जठर काढण्याचा सल्ला देतात. काढलेल्या, वरून निरोगी दिसणाऱ्या जठरातही सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा कर्करोगाचे बारीक ठिपके मिळतात. नंतर माणूस जगतो, पण थोडंथोडं खाऊन आणि जन्मभर बी१२ जीवनसत्त्व घेऊन.

आणि तरीही 'होणारच' हा शब्द इथेसुद्धा चुकीचा आहे. २०१५च्या अंदाजात सीडीएच१ बदल असलेल्यांची ८० वर्षांपर्यंतची जोखीम पुरुषांत ७० आणि स्त्रियांत ५६ टक्के होती. २०१९ साली अधिक व्यापक गटातून आलेला एक अंदाज ४२ आणि ३३ टक्के इतका खाली आला, कारण आधीचे आकडे रोगाने आधीच पोखरलेल्या कुटुंबांतून घेतलेले होते. म्हणून लिहा 'जोखीम वाढते' किंवा 'प्रवणता येते'. मुलाकडे तो बदल जाण्याची शक्यताही निम्मी असते.

प्रश्नकर्ती:
मग जंतू आणि जनुक दोन्ही असतील तर?

प्रतिसाद २:
तिथे 'किंवा' न लिहिता 'आणि' लिहा. जपानमधला मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. डीएनए दुरुस्त करणाऱ्या एटीएम, बीआरसीए१, बीआरसीए२, पीएएलबी२ या जनुकांत घातक बदल असलेल्या आणि जंतूचा संसर्गही झालेल्यांमध्ये ८५ वर्षांपर्यंतची जोखीम ४५.५ टक्के निघाली. नुसता संसर्ग असलेल्यांत ती १४.४ टक्के होती. जनुक बदलता येत नाही, जंतू औषधाने घालवता येतो. ही ओळ पत्रकात ठळक छापा.

प्रतिसाद ३:
'जनुकीय दोष' असं कृपा करून लिहू नका. मराठीत दोष हा माणसाला लागतो. सोयरीक जुळवताना 'त्यांच्या घराण्यात दोष आहे' असं बोललं जातं आणि खापर बहुतेकदा सुनेच्या माहेरावर फुटतं. सीडीएच१ सोळाव्या गुणसूत्रावर आहे, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही; ते वडिलांकडूनही तितकंच येतं. 'बदल' हा शब्द पुरेसा आहे. तपासणीच्या अहवालात कधी 'महत्त्व अनिश्चित असलेला बदल' असं येतं, त्याचं भाषांतर 'संशयास्पद बदल' करू नका. त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच की तो बदल घातक आहे असं ठरलेलं नाही, आणि तेवढ्यावर कुणी शस्त्रक्रियेला तयार होऊ नये.

प्रतिसाद ४:
आणखी एक शब्द तपासा: पोट. आपल्याकडे जठर, आतडं, यकृत, अंडाशय, गर्भाशय, सगळ्यांचा कर्करोग 'पोटाचा कॅन्सर'च असतो. 'आजी पोटाच्या कॅन्सरने गेली' एवढ्यावर डॉक्टरांना दिशा मिळत नाही. आजीला अंडाशयाचा असेल तर बीआरसीएचा विचार होतो. आतड्याचा किंवा गर्भाशयाचा असेल तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक प्रवणतेचा, ज्यात जठराचाही धोका वाढतो. उपचारही बदलतात, कारण लिंचमधल्या गाठींवर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणारे उपचार) बऱ्याचदा चांगली लागू पडते. सीडीएच१ असेल तर स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाच्या लोब्युलर (दूध बनवणाऱ्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या) प्रकाराचीही जोखीम असते, म्हणून स्तनाचं वेगळं विचारा.

प्रश्नकर्ती:
कौटुंबिक माहितीच्या फॉर्ममधला 'घरात कुणाला पोटाचा कॅन्सर होता का?' हा प्रश्न काढला. आता असा आहे: 'आईकडच्या किंवा वडिलांकडच्या नात्यात कुणाला कर्करोग झाला? नेमका कोणत्या अवयवाचा? कितव्या वर्षी? जुने कागद असतील तर सोबत आणा.'

प्रतिसाद ४:
'माहीत नाही' असाही एक रकाना ठेवा. नाहीतर लोक अंदाजाने जठर लिहितात.