विषय: श्रीखंडाच्या टेबलापाशी अर्धवट राहिलेला कॉलेज बास्केटबॉलचा वाद

मंदार, डरहॅम
रविवार, 7 एप्रिल 2024, सकाळी 9:40

नमस्कार मंडळी,

मंगळवारचा पाडवा काल शनिवारीच उरकला आणि झकास उरकला. कमिटीचे आभार. तारीख ठरवणाऱ्यांना मात्र एक सांगायचंय. नॉर्थ कॅरोलायनातल्या राली-डरहॅम भागात राहून फायनल फोरच्या (राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या सेमीफायनलच्या) संध्याकाळी कार्यक्रम ठेवणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात लग्नाचा हॉल शोधणं. आपल्या रालीचं एन. सी. स्टेट विद्यापीठ 41 वर्षांनी तिथवर पोचलं, आणि आपण गणेशवंदनेला टाळ्या वाजवत होतो. शेवटी श्रीखंडाच्या डब्याला टेकवलेल्या एका फोनवर पंधरा-वीस डोकी मॅच बघत उभी होती. (हो, त्यात मीही. डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठाचा असूनही. आम्हाला आदल्याच रविवारी यांनी घरी पाठवलं होतं.)

स्टेटचा पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू) मायकल ओ'कॉनेल दुखापतीने बाहेर गेला आणि स्टेटची घडी विस्कटली. पर्ड्यूने 63-50 ने मारलं. त्यावर जयंतकाका म्हणाले, "पॉइंट गार्ड नसला की चार चांगली माणसंही एकमेकांना आडवी येतात." तिथून विषय निघाला की कॉलेजचा सगळ्यात भारी पॉइंट गार्ड कोण, आणि निकाल लागायच्या आत पोळ्या संपल्या.

माझं उत्तर लेखी देतो. बॉबी हर्ली. ड्यूक, 1989 ते 1993. कारकिर्दीत 1,076 असिस्ट, म्हणजे ज्यावर सोबत्याने बास्केट केली असे पास. तीस वर्षं उलटली, विक्रम जागचा हललेला नाही. 1991 आणि 1992, लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं. त्याच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी, 1990 ला, यूएनएलव्हीने (लास व्हेगासचं विद्यापीठ) फायनलमध्ये ड्यूकला 103-73 ने तुडवलं होतं, हर्लीचं त्या दिवशी पोट बिघडलेलं. पुढच्या वर्षी सेमीफायनलला समोर तोच संघ, वर्षभरात एकही मॅच न हरलेला. ड्यूक पाच पॉइंटांनी मागे, अडीच मिनिटांच्या आसपास वेळ उरलेला, आणि या पोराने थ्री (लांबून तीन पॉइंटांची बास्केट) मारली. शेवटी 79-77. अजून काय पाहिजे?

मंदार

---

जयंत (काका), केरी
रविवार, दुपारी 12:15

चि. मंदार,

हर्लीबद्दल वाईट बोलणार नाही. एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, त्याचं काही जमलं नाही म्हणून त्याला खाली ढकलणारे लोक मला आवडत नाहीत. पहिल्याच हंगामात गाडीच्या अपघातात पोरगा मरता मरता वाचला. आपण कॉलेजचं बोलतोय, कॉलेजचंच बोलावं.

पण तुझा तो 1,076चा आकडा जरा बाजूला ठेव. एनसीएए (कॉलेज खेळांची संघटना) पुरुषांच्या असिस्टची अधिकृत नोंद 1983-84 पासून धरते. म्हणजे मॅजिक जॉन्सनने 1979 साली लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटला हरवलं, आयझाया थॉमसने 1981 ला इंडियानाला विजेतेपद दिलं, ते सगळं त्या वहीच्या बाहेर. वहीत नाव नाही म्हणून माणूस जेवलाच नाही असं होत नाही. आणि वहीतच बघायचं तर हजाराच्या पलीकडे आधी गेला आमच्या स्टेटचा ख्रिस कॉर्कियानी. 1,038, 1991 साली. हर्ली त्याच्या मागून आला.

मी 1974 च्या ऑगस्टमध्ये स्टेटला एम.एस.ला आलो. आदल्या मार्चमध्येच स्टेट राष्ट्रीय विजेता झालं होतं. आमचा पॉइंट गार्ड माँटी टोवे, उंची पाच फूट सात इंच, म्हणजे माझ्यापेक्षा इंचभर कमी. तो बॉल रिंगच्या वर भिरकावून द्यायचा आणि डेव्हिड थॉम्पसन हवेतच पकडून अलगद आत सोडायचा. अलगद का, तर तेव्हा कॉलेजात डंक करायला, म्हणजे बॉल वरून रिंगमध्ये कोंबायला, बंदी होती, 1976 पर्यंत. मला वाटलं होतं, हाच खेळ.

मग त्याच हिवाळ्यात फिल फोर्ड बघितला. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा, म्हणजे शत्रूपक्षाचा. रॉकी माउंटचा पोरगा, कॉलेजचं पहिलं वर्ष, आणि मार्चमध्ये एसीसी (आपल्या भागातल्या कॉलेजांची लीग) स्पर्धेच्या फायनलला आम्हालाच हरवून स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. पुढची तीन वर्षं मी त्याला मनापासून शिव्या दिल्या. म्हणून माझी साक्ष खरी मान.

तुमच्या पिढीला फोर कॉर्नर्स माहीत नाही. शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत बॉल टाकायची सक्ती) नव्हतं, ते सगळीकडे आलं 1985-86 ला, 45 सेकंदांचं. त्याआधी आघाडी मिळाली की बाकावरून त्यांचे कोच डीन स्मिथ हाताची चार बोटं वर करायचे. चार खेळाडू चार कोपऱ्यांत, मधे मोकळं अंगण, आणि त्यात फोर्ड एकटा ड्रिबल करत. अंगावर गेलात तर बगलेतून निसटून बास्केटखाली. नाही गेलात तर घड्याळ तुमचं रक्त पितंय. दोघं गेलात तर कोपऱ्यातला सुटा माणूस. चिडून फाउल केलात तर फ्री थ्रो, आणि ते तो चुकवत नसे म्हटलं तरी चालेल. स्टेटच्या रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये आम्ही घसा फोडून हुर्यो उडवायचो. त्याच्या कानापर्यंत ते पोचतच नसावं.

आता सांग, पंगतीत उत्तम वाढपी कोण? ज्याने जास्त पोळ्या वाढल्या तो? मी म्हणेन, कुणाच्या पानाकडे कधी जायचं आणि कधी पातेलं हातात घेऊन नुसतं उभं राहायचं हे ज्याला कळतं तो.

जयंतकाका

---

कमिटी
रविवार, दुपारी 1:02

ही लिस्ट सूचनांसाठी आहे, याची नम्र आठवण. तसेच: स्वयंपाकघरात एक मोठं स्टीलचं पातेलं राहिलं आहे, बुडाशी 'ज. का.' कोरलेलं. कोणाचं?

---

रेवा, चॅपल हिल
रविवार, रात्री 8:20

काका, मंदारदादा,

आज दुपारी बायकांची फायनल बघितली. तुम्ही दोघांनी मिळून एवढं लिहिलंत आणि त्यात एकही मुलगी नाही? दोन टेबलं सोडून आम्ही बायकांच्या शुक्रवारच्या सेमीफायनलबद्दल बोलत होतो, तिकडे कान नव्हता बहुतेक.

दादा, असिस्टच मोजायचे तर पेन स्टेटची सूझी मॅकॉनेल: 1,307. हर्ली कॉलेजात यायच्या आधीच. विषय संपला? सब्रिना आयोनेस्कू, ओरेगन: 2,000 पॉइंट, 1,000 असिस्ट, 1,000 रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), तिन्ही एकाच कारकिर्दीत. तिच्याआधी कुणी केलं नव्हतं, ना बाई ना बुवा.

आणि आयोवाची केटलिन क्लार्क आज हरली, 87-75. पहिल्या क्वार्टरमध्येच 18 पॉइंट, एकूण 30. 3,951 पॉइंटांवर थांबली, शिवाय 1,144 असिस्ट. गेल्या महिन्यात तिने पीट मॅराविचचा (पुरुषांतला विक्रम) 3,667 पॉइंटांचा आकडा ओलांडला, तेव्हा 'त्याच्या वेळी थ्री नव्हती, आणि तो तीनच वर्षं खेळला' हे मला किमान पाच काकांनी ऐकवलं. खरंच आहे ते. पण मॅराविचच्या वेळची सवलत आठवते, फोर्डच्या वेळची आठवते, आणि मॅकॉनेलचं नावही माहीत नसतं, हे कसं?

मजा म्हणजे आज जिंकलेल्या साउथ कॅरोलायनाची कोच डॉन स्टेली. हंगामात 38 विजय, 0 पराभव. ती स्वतः व्हर्जिनियाची पॉइंट गार्ड. 1991 ला फायनल हरूनही फायनल फोरची सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली होती.

रेवा

---

मंदार, डरहॅम
रविवार, रात्री 9:05

रेवा, कान धरले. 1,307 मला खरंच माहीत नव्हतं.

काका, तुम्हाला मात्र सोडत नाही. फोर्डकडे राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही. 1977 च्या फायनलला मार्केट विद्यापीठाविरुद्ध पिछाडी भरून काढली, मग तुमचे ते चार कोपरे लावले आणि हातातली मॅच 67-59 ने घालवली. वाढपी उभा राहिला आणि पंगत उठून गेली.

---

जयंत (काका), केरी
सोमवार, 8 एप्रिल, सकाळी 7:30

मंदार, त्या दिवशी फोर्डचा कोपर दुखावलेला होता. पण बरोबर आहे, त्या रात्री चार बोटं लवकर वर गेली. आम्ही स्टेटवाले हसलो होतो, तेही कबूल.

रेवा, मॅकॉनेलची मॅच मी कधी बघितली नाही. बघितली नाही तिला वर-खाली लावणं मला जमणार नाही. क्लार्कला मी पॉइंट गार्डपेक्षा मॅराविचच्याच पंगतीत बसवेन, पण हे भांडण समोरासमोर करू. स्टेली मात्र माझ्या यादीत घे.

पातेलं आमचंच. काकू म्हणते आज अमावास्या आणि त्यात ग्रहण, दुपारी कुठे जायचं नाही. संध्याकाळी सहाला हॉलवर येतो. फायनल 9:20 ला आहे, यूकॉन (कनेटिकट) विरुद्ध पर्ड्यू. दोघंही या. पर्ड्यूचा पॉइंट गार्ड ब्रेडन स्मिथ अजून दुसऱ्याच वर्षाला आहे, त्याच्याकडे नीट बघायचंय. श्रीखंड उरलंय, पोळ्या नाहीत.

जयंतकाका