डबक्यापाशी बसून राहा

ओहोटीला जाऊनही खडकांतल्या डबक्यांत काहीच दिसलं नाही, असं झालंय का? पुढच्या वेळी तिथी बघून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात लांब ओसरतं. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधीच पोचा.

आणि एकाच डबक्यापाशी बसून राहा, सावली पाण्यावर पडू न देता. थोड्या वेळाने रिकामा वाटणारा शंख चक्क चालू लागतो, आत खेकडा असतो! कोरडं पडलेलं समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) नुसता चिकट गोळा दिसतं. पाण्याखाली तेच पाकळ्या पसरून बसतं. त्या पाकळ्यांना दंशपेशी असतात, बोट लावू नका.

दगड उचललात तर कृपा करून होता तसाच ठेवा. खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात सुकून मरतात.