मदत हवी आहे : कारखान्यातल्या उपकरणांची ‘पॅट’ तपासणी सोलापुरात कोणाकडून करून घ्यावी?

टॉवेलवाला

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलच्या शिलाईचं छोटं युनिट आहे. लूम नाहीत. विणलेला माल येतो, आम्ही कापतो, किनार मारतो, इस्त्री आणि पॅकिंग करतो. २२ शिलाई मशीन, ४ इस्त्र्या, २ कटिंग मशीन, कुलर, पंखे, चहाची किटली आणि मोजायला लाज वाटावी इतके एक्स्टेन्शन बोर्ड.

ज्या निर्यातदाराला माल देतो, त्याच्या इंग्लंडच्या गिऱ्हाइकाने ऑडिटची यादी पाठवली आहे. त्यात ‘सर्व उपकरणांची पॅट तपासणी, दर वर्षी’ अशी ओळ आहे. चार जणांना विचारलं, त्यातल्या तिघांनी हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. चौथा म्हणाला, “करून देतो की ओ मालक, नगाला ८० रुपये, हिरवं स्टिकर लावून सर्टिफिकेटसकट संध्याकाळी हातात.” त्याच्याकडे काय साहित्य आहे विचारलं तर खिशातला टेस्टर दाखवला.

खरं सांगायचं तर मला फक्त कागद नको आहे. गेल्या महिन्यात आमच्या इस्त्रीवरच्या अक्कांना झटका बसला. हात सुटला म्हणून वाचल्या. नेहमीच्या वायरमनने इस्त्री फिरवून पाहिली आणि “पायात रबरी चप्पल घालायला सांगा” म्हणून निघून गेला. मे २०२५ मध्ये आमच्याच एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली. तेव्हापासून रात्री कुलूप लावताना मी मेन स्विच दोनदा बघतो.

तर, ही तपासणी म्हणजे नेमकं काय, आपल्याकडे ती सक्तीची आहे का, आणि कोण करतं?

जुना_मेंटेनन्सवाला

इंग्लंडमध्ये सात वर्षं हेच काम केलंय म्हणून लिहितो.

पॅट म्हणजे पोर्टेबल अप्लायन्स टेस्टिंग. गंमत अशी की तिकडच्या कायद्यातही ‘दर वर्षी पॅट करा’ असं कुठे लिहिलेलं नाही. १९८९ चे तिथले नियम एवढंच म्हणतात की कामाच्या जागची विजेची उपकरणं धोका होणार नाही अशा स्थितीत ठेवा. किती दिवसांनी तपासायचं ते उपकरण आणि वापर बघून ठरतं. तुमची इस्त्री रोज दहा तास तापते, वायर रोज पिळली जाते. ऑफिसातल्या प्रिंटरला आणि तिला एकच मुदत लावणं हा वेडेपणा.

अर्धं काम डोळ्यांनीच होतं. वायरचं आवरण, पिन टॉपमध्ये सुटलेली तार, काळवंडलेली पिन, चिकटपट्टीचे जोड. त्यानंतर धातूच्या बॉडीच्या उपकरणाला दोन मोजण्या. पहिली, अर्थच्या पिनेपासून बॉडीपर्यंतचा रोध. तो ०.१ ओहम अधिक वायरीचा स्वतःचा रोध, एवढ्यात बसला पाहिजे. दुसरी, ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशनचा रोध, म्हणजे वीज बॉडीकडे गळते का ते; तो किमान १ मेगाओहम हवा. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणाला अर्थ नसतोच, तिथे किमान २ मेगाओहम बघतात.

एक सांभाळा. सर्व्हो मोटरच्या शिलाई मशीनला इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स असतो. तिथे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) आंधळेपणाने मारू देऊ नका, २५० वर घ्यायला सांगा. नाहीतर तपासणीतच मशीन जायचं.

बाळीवेसकर

८० रुपयांत स्टिकर? आमच्याकडे ६० ला देतात, वर चहा.

परवानाधारक

पॅट या नावाने आपल्याकडे सक्ती नाही, पण म्हणून मोकळे सुटलात असं समजू नका. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आहेत, जागेची वायरिंग-अर्थिंग सुरक्षित ठेवायची जबाबदारी मालकाची आहे. काम शासनाचा विद्युत ठेकेदार परवाना असलेल्या माणसाकडूनच घ्या. त्याच्याकडे मेगर आणि अर्थ टेस्टर हवेत, दोन्हींचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मागा. अहवालात प्रत्येक नगाचा नंबर, जागा, मिळालेलं रीडिंग, तारीख आणि परवाना क्रमांकासह सही पाहिजे. नुसतं ‘पास’ लिहिलेला कागद जाणता ऑडिटर बाजूला ठेवतो.

पण अक्कांच्या झटक्याचं वाचून मला इस्त्रीपेक्षा तुमच्या बोर्डाची शंका येते. उपकरण शंभर टक्के पास असेल, पण सॉकेटची अर्थच मेलेली असेल तर काय उपयोग? सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. अर्थिंगच्या खड्ड्यातलं मीठ-कोळसा कोरडं पडतं, रोध वाढत जातो आणि पाणी ओतायची आठवण कोणाला नसते. फेज आणि अर्थमध्ये मल्टिमीटरला २३० दिसलं म्हणजे अर्थिंग चांगलं, हा समज चुकीचा आहे, खराब अर्थिंगलाही तो तेवढंच दाखवतो. ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, टेस्ट बटण दाबल्यावर पडला यावरूनही अर्थिंग कळत नाही. ते बटण अर्थशिवाय चालतं.

आणि मेन बंद करून इस्त्रीचा सॉकेट उघडून बघायला सांगा. न्यूट्रलमधून अर्थच्या पिनेला छोटी तार जोडलेली आहे का?

टॉवेलवाला

परवानाधारक दादा, काय बोलू. काल दुसरा वायरमन बोलावून मेन पाडून सगळे बोर्ड उघडले. इस्त्रीच्या चारपैकी तीन सॉकेटमध्ये ती तार होती. अर्थची वायर बोर्डापर्यंत आलेलीच नाही.

म्हणजे ईएलसीबी असून पडला का नाही, त्याचं कारण हेच ना?

परवानाधारक

हेच. गळती बॉडीवरून त्या तारेने न्यूट्रलमध्येच परत जाते. ईएलसीबीला जाणारा-येणारा करंट सारखाच दिसतो, तो पडणार कशाला? त्यातून एखाद्या दिवशी मागे न्यूट्रल तुटला तर इस्त्रीची अख्खी बॉडी फेजवर येते. तारा आजच काढा. अर्थ ओढेपर्यंत त्या इस्त्र्या बंद.

टॉवेलवाला

तारा काढल्या. चारही इस्त्र्या बंद आहेत, दोन दिवस माल घडी घालून इस्त्रीला बाहेर पाठवतोय. खड्डाही उकरला, पाइप अर्धा गंजलेला निघाला. नवा खड्डा सोमवारी.

स्टिकरवाल्याला फोन करून रीडिंगसकट अहवाल देणार का विचारलं. म्हणाला, “तेवढं कोण बघतंय ओ?” आणि फोन ठेवला.

आता शेवटचं. २२ मशीनचे नंबर टाकून रजिस्टर करायचंय. कोणाकडे तयार तक्ता असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.