आजींचे ठसे उमटत नसतील तर
एकाने विचारलंय, आजींच्या बोटांचे ठसे उमटेनात म्हणून आधार केंद्रातून परत पाठवलं, आता आधार निघणारच नाही का? निघेल की! दहा बोटांबरोबर दोन्ही बुबुळंही स्कॅन होतात. ठसे येतच नसतील तर अपवाद म्हणून नोंद करायची सोय आहे. ऑपरेटरला तसं स्पष्ट सांगा. निफाडकडे द्राक्षाच्या छाटणीत जन्म गेलेल्या बायकांच्या बोटांवर रेषा उरतातच कुठे? माझ्या मावशीची बोटं ऑपरेटरने ओल्या फडक्याने पुसली, काचेवर वरून दाबून धरली, तेव्हा कुठे मशीनने घेतली. नवीन नोंदणी फुकट असते, त्यामुळे कोणी पैसे मागितले तर देऊ नका. पावतीवरचा 14 अंकी नोंदणी क्रमांक जपा आणि मोबाइल नंबर तिथेच जोडून घ्या, पुढे ओटीपी त्यावरच येतो.