प्रतिसाद: लॉबिंग म्हणजे लाचखोरीच का?

लॉबिंग, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूने व्हावा म्हणून लावलेला रेटा, ही सरसकट लाचखोरीच, हे वरचं मत पटलं नाही. साखरेचा किमान विक्री दर २०१८ ला किलोला २९ रुपये ठरला, २०१९ ला ३१ झाला. त्यामागे कारखानदारांचा दिल्लीतला रेटा होताच. दर पडले की आमच्या वाळव्याकडची ऊसबिलं अडकतात, त्यामुळे तो रेटा आम्हालाही हवाच होता.

पण गंमत पुढे आहे. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा ठरलेला किमान दर, ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत द्यायची असा नियम, तरी २०२२ मध्ये राज्य सरकारने कारखान्यांना ती दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली. २०२५ ला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मधले हंगाम सोसले कुणी? शेतकऱ्यानंच की! सोसायटीच्या पीककर्जाचं व्याज काही हप्त्यांची वाट बघत नाही.

अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिस्टना नोंदणी करून आपले ग्राहक आणि त्या कामाचे पैसे जाहीर करावे लागतात. आपल्याकडे तसा कायदाच नाही.